दहावा माणूस

सर,

तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली आणि माझ्या कादंबरीची सहावी आवृत्ती निघाली. कॉलेजवरची विनोदी कादंबरी. लोक हसून हसून बेजार होतात आणि सगळ्यात जास्त हसतात ते तुमच्यावर. तुमचं नाव मी बदललं, लोणावळ्याचं कॉलेज उचलून भलत्याच घाटावर नेऊन ठेवलं, पण तुम्हाला ओळखणारा एकही माणूस फसला नाही. पुस्तकातले निम्मे विनोद तर तुमचेच आहेत. 'मोशेसमोर समुद्र दुभंगला, आमच्या पूर्वजांसमोर जहाज दुभंगलं, म्हणून आम्ही कोकणात.' 'दोन हजार वर्षं या देशात ज्यूंना कुणी छळलं नाही. शेवटी ते काम स्टाफरूमला अंगावर घ्यावं लागलं.' हे तुम्ही चहाचा कप हातात धरून म्हणायचात आणि छळणाऱ्यांच्या आधी स्वतः हसायचात. बी.ए.ला तुमचा विद्यार्थी होतो तेव्हा मला याचं फार कौतुक वाटायचं. पुढे त्याच स्टाफरूममध्ये तुमच्या शेजारच्या खुर्चीत बसायला लागलो तेव्हा त्याची भीती वाटायला लागली.

कारण मीही तुमच्यासारखाच बेने इस्राएल, म्हणजे कोकणातला ज्यू, आहे हे त्या खोलीत एकट्या तुम्हाला माहीत होतं. माझे वडील रेल्वेत होते, तुमच्या ओळखीचे. ते गेले, आम्ही तळेगावकडे आलो, आणि आडनावाच्या शेवटच्या 'कर'नं बाकीचं सांभाळून घेतलं. कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. लाज वगैरे वाटत नव्हती. तुमची रोज फिरकी घेतली जायची, तिथे आणखी एक गिऱ्हाईक कशाला, एवढाच हिशेब. तुम्हीही चार लोकांत कधी चकार शब्द काढला नाहीत. तुमच्या घरी मात्र बाई, तुमच्या पत्नी, मला स्वयंपाकघरातच बसवायच्या, आपल्या नव्या वर्षाचा गव्हाच्या चिकाचा हलवा नारळाच्या दुधात तासन्‌तास घोटायच्या आणि पातेल्याच्या कडेची खरवड मला द्यायच्या. 'तुझ्या आईला जमतो का रे असा?' विचारायच्या. जमत नव्हता.

तर तो पंधरा ऑगस्ट. बाईंना जाऊन त्या दिवशी वर्ष होतंय. झेंडावंदन झालंय, स्टाफरूममध्ये जिलेबी आलीय, आणि तुम्ही प्रार्थनेची टोपी डोक्यावर तशीच ठेवून धापा टाकत आत येता. गेलेल्या माणसासाठीची ती प्रार्थना म्हणायला दहा पुरुष लागतात, आपल्यातलेच. तुम्हाला धरून नऊ झालेत, बाकीचे घरी येऊन बसलेत. दहावा, तुमचा पुण्याचा भाचा, भुशी धरणाला निघालेल्या गाड्यांच्या रांगेत अडकलाय आणि पाहुण्यांना परतीची गाडी गाठायचीय. 'एक माणूस कमी पडतोय,' तुम्ही म्हणता. 'सर, टेंडर काढा!' कुणीतरी ओरडतं. तुम्ही हसता. मग माझ्याकडे बघता आणि अगदी सहज विचारता, 'येतोस का रे जरा?'

हात दाखवून अवलक्षण कोण करून घेईल? मी बाकीच्यांना डोळा मारला आणि म्हणालो, 'सर, मी चालेन का तुम्हाला?' खोली हसून अशी फुटली म्हणता! तुम्हीही हसलात. उशिरा, पण हसलात. दारातले शिपाईमामा, आंदर मावळातले, तेवढे हसले नाहीत. 'सर, मी येऊ का? मानूसच मोजायचाय न्हवं? मी बी मानूसच हाय की.' तुम्ही त्यांच्या खांद्यावर हात ठेवलात. 'मामा, या, बसा, जेवून जा. फक्त मोजता येणार नाही हो.' तेव्हा तुम्ही माझ्याकडे पाहिलं नाहीत. भाचा तीन वाजता पोचला. तोवर पाहुणे स्टेशनवर गेले होते आणि बाईंची प्रार्थना राहिली ती राहिलीच.

चार वर्षांनी मी त्याचं प्रकरण केलं. कादंबरीतला प्राध्यापक दहाव्या माणसासाठी कॅन्टीन, जिमखाना, प्राचार्यांची केबिन पालथी घालतो आणि शेवटी टोपी घालून वॉचमनला पढवायला बसतो. तुम्ही ते वाचून माझ्या घरी आलात. पाणीसुद्धा घेतलं नाहीत. 'मी माझ्यावर हसतो तेव्हा कोण कुणावर हसतंय ते लोकांना दिसतं,' तुम्ही म्हणालात. 'तू ते लपवलंस. बाकी भाषा बरी आहे.' मामांनी पुस्तक मुलीकडून वाचून घेतलं होतं. 'पोरगी लय हासली,' ते म्हणाले. 'मला न्हाई हसाया आलं. तुमी सरास्नी पार बाजारात उबं केलंत.'

मला पश्चात्ताप झाला असं लिहायला बसलो होतो. झाला असेलही थोडाफार. पण उद्या वराळ्याजवळच्या एका कॉलेजात माझं वाचन आहे, आणि त्यांनी तेच प्रकरण मागितलंय. 'हे बारकावे तुम्हाला कसे कळले?' असं प्रत्येक ठिकाणी कुणी ना कुणी विचारतं. 'आमच्या शेजारी होते एक,' असं मी सांगतो. उद्याही तेच सांगेन. तुमचा आवाज मला हुबेहूब काढता येतो, सर. 'येतोस का रे जरा?' म्हटल्यावर मी क्षणभर थांबतो, आणि मग जे हसू येतं ना, ते मला अजून फार आवडतं.