तापाने, तोफेने

सोमवार, ३ मार्च. सकाळचे सहा वाजून चाळीस मिनिटे.

शिळेवर खडूने ओळी आखत होतो, तेव्हा समितीचा कारकून यादी घेऊन आला. (हे पान दुसऱ्यांदा लिहितो आहे. पहिल्यावर शाईचा डाग पडला. डागाचा कागद मला चालत नाही. खोड लहानपणापासूनची.)

लढाईला गेलेल्या आणि परत न आलेल्या पन्नास शिपायांची शिळा. बारा वर्षांनी! आमचे मिस्त्री म्हणाले, "बातमी शिळी झाली की शिळेवर येते."

कारकून हसला नाही. "समोर लढताना पडलेले. नऊ. मागे तापाने गेलेले. एकेचाळीस."

"मागची बाजू भिंतीकडे येणार. वाचणार कोण, पाली?" मिस्त्रींनी विचारलं.

"वरचा हुकूम आहे."

दादाचं नाव मागच्या यादीत आहे. सातवं. पुढे लिहिलंय – छावणीचं इस्पितळ, अठरा दिवस.

खडू हातातच मोडला.

मंगळवार, ४ मार्च

इथे लिहून टाकतो. कुणाला सांगितलेलं नाही.

मी दहा वर्षांचा होतो. शाळा सुटली तेच वर्ष. लष्कराचा कागद आला. आईला वाचता येत नाही. म्हणाली, "वाच." जांभळी शाई, ओल लागून फुटलेली. मी वाचलं – तोफेने मृत्यू.

आई म्हणाली, "म्हणजे एका क्षणात. त्याला कळलंही नसेल."

संध्याकाळी पुन्हा वाचलं. तापाने! तोवर ती तोफ सगळ्या गल्लीला ऐकू गेली होती. मी तोंड उघडलं नाही.

आई त्या एका क्षणाच्या आधारावर जगली आहे. आता तिला काय सांगू – अठरा दिवस? पाणी कोणी दिलं असेल, हे ती विचारणारच.

तेव्हापासून मी प्रत्येक शब्द तीनदा वाचतो. तो कागद माझ्या पेटीत आहे. पेटीला कुलूप आहे.

शुक्रवार, ७ मार्च

समोरची नऊ नावं झाली. चूक नाही.

आई – "दादाचं कोरलंस?"

"अजून नाही."

"वरती घे हो त्याचं. तोफेसमोर उभा होता तो."



रविवार, ९ मार्च

सुट्टी असून गेलो. मागचं शीर्षक कालच कोरलं होतं. तापाने.

छिन्नी घेऊन उभा राहिलो. 'ता'वर एक मात्रा दिली की 'तो'. 'प'ला शेपूट दिलं की 'फ'. पण मधला काना! दगडात घालता येतं, काढता येत नाही. 'तोफाने' – असा शब्दच नाही. आणि असता, तरी बाकीच्या चाळीस जणांच्या आयांनी त्याचं काय करायचं होतं?

छिन्नी खाली ठेवली. 

मंगळवार, ११ मार्च

दादाचं नाव झालं. त्यातली वेलांटी जरा जास्तच खोल गेली.

"अरे, कोरतोस की फोडतोस?" मिस्त्री ओरडले. "अक्षर मोत्याचं आणि काळीज उंदराचं!"

बुधवार, १२ मार्च

झालं. जे व्हायला नको होतं तेच झालं.

डबा घरी विसरलो. मी! आजवर कधी विसरलो नाही. आई घेऊन आली, तेव्हा मी पाणी आणायला गेलो होतो. परत येतो तर दोघं शिळेच्या मागे. मिस्त्री बोट ठेवून मोठ्याने वाचत होते – "हे बघा वहिनी, 'तापाने'. त्याखाली सातवं तुमच्या थोरल्याचं. अठरा दिवस इस्पितळात होता बिचारा, यादीत आहे."

बादली पायावर हिंदकळली. आई माझ्याकडे वळली.

"मी चुकीचं वाचलं होतं," म्हणालो. 

ती नावावर तळहात ठेवून उभी.  मग तिचा चेहरा – उजळलाच!

"अठरा दिवस एका जागी होता? मग माझं पत्र त्याला मिळालं असेल की रे! तोफेपुढच्या माणसाला पत्र कोण नेऊन देतो? मला वाटायचं, वाटेतच राहिलं. खाटेवर पडल्यापडल्या वाचलं असेल."

मिस्त्रींनी नाक पुसलं. "वाचलं असणारच, वहिनी."

"धाकट्या, तूच लिहिलं होतंस ना? त्याला लागलं असेल ना तुझं अक्षर?"

"हो," म्हणालो.

गुरुवार, १३ मार्च

पेटी उघडली. लष्कराच्या कागदाखाली आईचं ते पत्र आहे. 'जिवाला जप' यावर शाईचा डाग. पुन्हा नीट लिहून टपालात टाकायचं म्हणून ठेवलं होतं.

खर्च – काही नाही.
देणे – टपालाच्या तिकिटाचे पैसे. आईने दिलेले. बारा वर्षांपूर्वीचे.