पांढऱ्या सोंगट्या शंकरच्या

मेढा, शुक्रवार, कार्तिक, १९४८

आज जीव फार टांगणीला लागला, आणि तोही एका खेळापायी. मागची मोठी लढाई संपल्यावर शंकरची पलटण जपानात होती. तिथून पोराने हा गो नावाचा खेळ आणला, सुट्टीत मला शिकवला आणि आता गेला काश्मीरला लढायला. गावात दुसऱ्या कुणाला तो येत नाही. म्हणून दोन्हीकडून मीच खेळतो. काळ्या सोंगट्या माझ्या, पांढऱ्या त्याच्या. त्याची पाळी आली की उठून त्याच्या जागी बसतो आणि माझ्या मनातलं विसरायला बघतो. विसरतो का? कुठला! त्याचीच बाजू ओढतो.

तरी आज कोपऱ्यातल्या पांढऱ्या सोंगट्या चहूकडून कोंडल्या. कोंडल्या की मेल्या, उचलायच्या, असा नियम. माझा हात पुढे होईना. नुसते दगड आहेत, कळतं मला. पण शंकरचे ना ते.

ही दिवा लावायला आली. "आवं, भूत बघितल्यागत काय बसलाय?"

सांगितलं तिला. खेळाच्या पाटाकडे बघून म्हणाली, "यातल्या तुमच्या कंच्या?"

"काळ्या."

"मग त्या उचला की! म्हाताऱ्यानं हरावं, त्यात कसली लाज?" आणि तिनेच माझ्या दोन सोंगट्या उचलल्या. कोपऱ्याला वाट झाली.

हे नियमात बसत नाही. शंकर असता तर "दादा, रडीचा डाव!" म्हणून ओरडला असता.

ओरडू दे. घरी येऊन ओरडू दे.