पगारातून कापून घेण्यात येईल

३ फेब्रुवारी, सोमवार

आज पेट्रोल पंपावर मॅनेजर म्हणून रुजू झालो. सत्तावीस वर्षं अंबरनाथच्या एका रंगाच्या कारखान्यात शिफ्ट ऑफिसर होतो. कारखाना बंद पडला आणि चार महिने घरी बसून वृंदाच्या आमटीत खोड काढत राहिलो. शेवटी तिनेच हात जोडले, की कुठेही जा पण घराबाहेर जा. आज ती खूश, आमची लेक इरा खूश, मीही खूश. इराने तर नव्या शर्टाला स्वतः इस्त्री करून दिली.

पंप अंबरनाथ-बदलापूर रस्त्यावर, जांभूळ फाट्याच्या जरा अलीकडे. हेंद्रेपाड्यातल्या आमच्या घरापासून एरवी वीस मिनिटं, उड्डाणपूल तुंबला तर देवाची मर्जी. कॅबिन ऐसपैस, काच मोठी, बसल्या जागेवरून चारही मशिनी दिसतात. मालक भूपेश शेठ उल्हासनगरचे, महिन्यातून दोनदा फिरकतात. त्यांनी चहा पाजला आणि एकच दुखणं सांगितलं : टाकी भरून घेतात आणि पैसे न देता पळतात. महिन्याला पाच-सहा गाड्या. मी म्हटलं, शेठ, आता एक पळून दाखवू दे.

रोजनिशी कारखान्यातल्यासारखीच ठेवणार. जे घडतं ते घडताना, वेळ घालून. शेडला आग लागली होती तेव्हाही मी लिहिणं थांबवलं नव्हतं. हात चालू राहिला की डोकं ठिकाणावर राहतं.

५ फेब्रुवारी, बुधवार

तीन दिवसांत माणसांची जात कळली. गिऱ्हाईक चोर आणि कामगार आळशी, मधे मी. 'झिरो बघा' म्हटलं की मशिनीकडे डोळे फाडून बघतील, पण पैसे देताना नेमका यांचा फोन बंद पडतो. एकाने स्कॅन करून पैसे गेल्याचा खोटा फोटो दाखवला. एकीने दीड वर्षाचं पोर पुढे केलं, की हा रडतोय, नंतर देते. नंबरप्लेटवर झेंडूची माळ सोडून येणारे वेगळेच. देवाला तरी यात ओढू नये.

आज सकाळी नऊला माझ्या डोळ्यांदेखत एक पांढरी गाडी अठ्ठावीसशेचं डिझेल घेऊन सुटली. आणि आमचा जुना माणूस जनू काय करतो? पळत नाही, नंबर घेत नाही. रस्त्याच्या कडेला जाऊन हात वर करतो आणि ओरडतो, "सोर रं, जाऊ दे!" जनू सोनिवलीचा, ड चा र करतात ही मंडळी. वर आणखी काहीतरी पुटपुटला, ते मी ऐकून घेतलं नाही. चोराला निरोप देणारा पंप मी पहिल्यांदाच पाहिला. मग कळलं, इथे सगळेच असं ओरडतात. रीतच आहे म्हणे.

८ फेब्रुवारी, शनिवार

नोटीस लावली. स्वतः टाइप केली, कॅबिनच्या काचेवर बाहेरून चिकटवली.

'१. गाडी पैसे न देता गेल्यास ती रक्कम संबंधित कामगाराच्या पगारातून कापून घेण्यात येईल. २. शेठचा पाहुणा, मॅनेजरचा नातेवाईक असे सांगणाऱ्या कोणाचेही ऐकू नये. ३. गाडी सोडून देणाऱ्यास व "जाऊ दे" वगैरे ओरडणाऱ्यास कामावरून काढण्यात येईल.'

दुपारी जनू कॅबिनमध्ये आला. बसला नाही, उभ्यानेच बोलला. म्हणाला, सायब, नोटीस काढा. हा कापाकापीचा नियम आधी पण होता. दोन वर्षांमागं हितेश नावाचा मुलगा होता त्याच्याच गावचा, मोतीबाईचा एकुलता एक. त्याचे दोनदा पैसे कापले गेले. तिसऱ्यांदा गाडी सुटली तेव्हा त्याने मागच्या दाराचं हँडल धरलं आणि सोडलंच नाही. फाट्यापर्यंत फरपटत गेला. मेल्यावर हाताची बोटं उकलून काढावी लागली. तेव्हा शेठनी नियम बंद केला.

वाईट झालं, मी म्हटलं. पण त्याचा आणि ओरडण्याचा काय संबंध? तर म्हणे, तो अजून धरतो. पळणाऱ्या गाडीचं मागचं दार, ड्रायव्हरच्या बाजूचं. आम्ही सांगतो तेव्हा सोडतो. गाडी दिसते तोवरच सांगायचं, मग त्याला ऐकू जात नाही.

मला हसू आवरेना. चोरीवर भुताचं पांघरूण! मी म्हटलं, जनू, गोष्ट झकास आहे, नोटीस राहील.

११ फेब्रुवारी, मंगळवार

आज एक गाडी पळाली आणि जनू सगळ्यांसमोर ओरडला. काढून टाकला. जाताना मला म्हणाला, निदान पुरतं तरी ऐकून घ्या काय सांगायचं ते. मी ऐकलं नाही. त्याच्या जागी प्रमोद, उल्हासनगरचा, बायकोला सातवा महिना. नोटीस त्याच्याकडून मोठ्याने वाचून घेतली. मान खाली घालून हो हो म्हणाला. असाच माणूस हवा.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

विजय! काल प्रमोदच्या हातून एक काळी गाडी दोन हजारांचं पेट्रोल घेऊन सुटली होती. प्रमोद गप्प उभा राहिला, शहाण्यासारखा. आज सकाळी तीच गाडी आपणहून परत. चालवणारा चाळिशीचा, अंगात भारी शर्ट, चेहरा उतरलेला. त्याने तीन हजार माझ्या टेबलावर ठेवले. उरलेले घेईना. म्हणाला, आपके आदमी को बोलो उतरने को. रात भर बिल्डिंग के नीचे गाडी को पकड के खडा था.

मी बाहेर जाऊन पाहिलं. कोणी नव्हतं. तो आरशात बघत राहिला, मग एकदम रडायलाच लागला, उतर गया, उतर गया म्हणत. दारू, दुसरं काय. पण पैसे आले! शेठना फोन केला. शेठ म्हणाले, साईं, कमाल केली.

१७ फेब्रुवारी, सोमवार

आणखी एक परत आली. जीप, नवरा-बायको. बाई मागे बसली होती, ती काचेकडे पाठ करून, डोळ्यांवर पदर घेऊन. पैसे दिले, शिवी दिली, गेले. नवरा म्हणाला, वसुलीला असली माणसं ठेवता, लाज वाटत नाही का.

ते पैसे मोजत होते तेव्हा पाहिलं, मागच्या दाराच्या हँडलखाली चार पोचे होते. शेजारी शेजारी. बोट घालून बघितलं, बोट बसलं.

प्रमोदने विचारलं, साहेब, ओरडायचं का पुढच्या वेळी? नाही म्हणजे नाही, मी सांगितलं. आवाज जरा जास्तच चढला माझा.

१९ फेब्रुवारी, बुधवार

काल पळालेली तिसरी गाडी परत आली नाही. कर्जत रस्त्याला दुभाजकावर चढली. चालवणारा जागीच गेला. प्रमोदने फोनवर फोटो दाखवला : पुढचा भाग चेपलेला, आणि मागचं उजवं दार मुळातून उपटलेलं. ते दार सापडलं नाही म्हणे.

अपघात रोज होतात. वेगात हाकतात, मरतात. माझा काय संबंध.

जेवण गेलं नाही.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

स्टोअरच्या कपाटात जुन्या कामगारांची ओळखपत्रं सापडली. हितेशचं पण. कोवळा चेहरा, निळा शर्ट, टोपी जरा मोठी. बघवेना. उलटं करून ठेवलं.

नोटीस काढावी असं दोनदा मनात आलं. काढली तर प्रमोद हसेल, जनू गावभर सांगेल. सत्तावीस वर्षांत मी लावलेली नोटीस कधी काढली नाही. सोमवारी बघू. शनिवार-रविवार गर्दीचे असतात.

२२ फेब्रुवारी, शनिवार

११.४० — एटीएमवरून आत्ता आलो. प्रमोद दारातच. एक गाडी गेली म्हणाला. अकराशेचं पेट्रोल. मुलगी होती, म्हणाली, मी तुमच्या साहेबांची मुलगी, पैसे बाबा देतील. हसत गेली. नोटिशीत आहे ना साहेब, नातेवाइकांचं ऐकायचं नाही. म्हणून त्याने स्वतःच्या नावावर लिहून घेतलं.

रंग विचारला. राखाडी. नंबर आमचा.

ओरडलास का, मी विचारलं. नाही साहेब, तुम्हीच —

११.४५ — इराचा फोन लागत नाही. मैत्रिणीकडे अंबरनाथला जाणार होती. लायसन्स येऊन महिना झाला नाही पोरीला. माझे अकराशे गल्ल्यात टाकले. प्रमोदच्या नावावर काट मारली. पुरेल ना? पुरायला हवं.

११.५२ — तिचाच फोन. रडते आहे. बाबा, तुमच्या पंपावरचा माणूस मागच्या दाराला लटकलाय. मी थांबले तरी सोडत नाही. उतरायला गेले तर माझं दार उघडेना. आरशात तोंड दिसत नाही, नुसता पंपाचा निळा शर्ट.

मी सांगितलं, मागे बघू नकोस. हळू परत ये. पंपावर ये, इथे तो उतरतो. हळू.

१२.१८ — दिसली. फार वेगात येते आहे. दुभाजकाला घासते आहे. मागे निळा शर्ट. मी जातो रस्त्यावर —

१२.३५ — सुटली. देवा, सुटली. रस्त्यात उभा राहून घसा फाटेपर्यंत ओरडलो, सोड, सोड तिला! निळा शर्ट गळून पडला. रस्त्यावर मात्र काहीच नव्हतं. गाडी हवा भरायच्या मशिनीला टेकून थांबली. इरा धड आहे. ओरखडाही नाही. तिला पोटाशी धरून मी लहान मुलासारखा रडलो. प्रमोदने पाणी आणलं.

१२.५० — गाडीत बसायला तयार नाही. रिक्षाने घरी पाठवली. वृंदा ऑफिसात. दार आतून लावून घे, मी येतोच, म्हटलं. गल्ला कुलूपबंद करायला दहा मिनिटं.

१.०५ — जनूला फोन केला. माफी मागितली. आयुष्यात पहिल्यांदा. तो एवढंच म्हणाला, काय बोललात सांगा. मी म्हटलं, सोड म्हणालो, सोडलं त्याने.



त्याने विचारलं, फुरचं? पुढचं बोललात का?

पुढचं कुठलं?

त्याने सांगितलं. तो दर वेळी जे पुटपुटायचा ते. इथे लिहून ठेवतो : 'सोड रे, जाऊ दे. तुझा पगार कोणी कापत नाही. आईकडे जा.'

नुसतं सोड म्हटलं की सोडतो, जनू म्हणाला. पण पगाराची भीती जात नाही. मग ज्याला सोडलं त्याच्या मागं जातो, पायी. सायब, नोटीस काढलीत का?

१.१० — नोटीस फाडली. काचेला डिंकाचे तुकडे राहिले. 'कापून घेण्यात येईल' एवढं निघत नाही. नखाने खरवडलं. निघत नाही.

१.२५ — रिक्षात. गाडी पंपावरच सोडली. उड्डाणपुलावर अडकलो. पुढे टँकर बंद पडलाय. उतरून पळालो असतो पण छातीत —

फोन. इरा. घरी पोचली. बाबा, तुम्ही कोणाला पाठवलंत का? बेल वाजली. निळा शर्ट, टोपी मोठी. तुमच्या पंपावरचा वाटतो, मघासारखा भयंकर नाही, अगदी साधा पोरगा. साहेबांनी सोडायला लावलं म्हणतो. खूप चालत आलाय, पायांत चपला नाहीत. पाणी देऊ का त्याला?

उघडू नकोस उघडू नकोस उघडू —

कट झाला.

१.२८ — उचलत नाही.

१.२९ — उचलत नाही. रिक्षावाला विचारतो, काय लिहिताय एवढं. हात थांबला तर मी —

१.३१ — जनूचे शब्द समोर धरलेत. उचलला की लगेच म्हणायचे. तुझा पगार कोणी कापत नाही. आईकडे जा. तुझा पगार कोणी —

१.३२ — उचलला. इरा नाही. धापा. कोवळा आवाज, फार अदबीने बोलतो —

साहेब, परत पकडलीय. घट्ट धरलीय. आता नाही सोडत. पगारातून कापू नका, साहेब —

मी म्हणतो आहे नाही कापत, नाही कापत, आईकडे जा, मागे इरा बाबा, बाबा म्हणून ओर