दुसऱ्या भागात तो येतच नाही

बोरीवली (पूर्व)
रविवार, दुपारचा चहा झाल्यावर

प्रिय वसू,

तुला प्रेमाचा नमस्कार, आणि तुझ्या गुडघ्यांना वेगळा. कसे आहेत ते? मी पाठवलेलं तेल लावतेस, की बाटली कपाटात ठेवून नुसती तिच्याकडे बघतेस? माझं ठीक आहे. बीपीची गोळी नेमाने घेते, मीठ कमी केलंय असं डॉक्टरांना सांगते. नाशिकला थंडी पडली असेल, कान झाकत जा. कानांवरून आठवलं, फोन न करता पत्र लिहितेय म्हणून दचकू नकोस. फोनवर तुला ऐकू येत नाही, आणि मला ओरडून बोलायचं नाहीये, कारण ज्या माणसाविषयी बोलायचंय तो, मला वाटतं, इथेच खिडकीजवळच्या खुर्चीत बसलेला आहे. (तुझा भाऊ. दुसरं कोण असणार?)

लगेच मुलाला हाक मारून ‘मामीचं डोकं फिरलं’ असं सांगू नकोस. आधी पुस्तकाचं ऐक.

हे गेले त्या वर्षी माझी नात दीप्ती एक जाडजूड पुस्तक घेऊन आली. म्हणाली, “आजी, तू नुसती भिंतीकडे बघत बसतेस ना, त्यापेक्षा हे वाच. आमच्या कॉलेजात सगळ्या जणी रडल्या.” कव्हरवर केस उडणारी एक मुलगी, मागे धुकं, आणि धुक्यात एक फिकट मुलगा, ज्याला बघताक्षणी समोर बसवून वरणभात वाढावासा वाटतो. मी पहिल्यांदा काय केलं असेल? ब्राउन पेपरचं कव्हर घातलं! जुनी खोड. आठवतं, कॉन्व्हेंटमध्ये आपण प्रेमाच्या कादंबऱ्यांना मॉरल सायन्सची कव्हरं घालायचो, आणि शेवटच्या बाकावर तू हमसून रडायला लागलीस तेव्हा सिस्टर इग्नेशियांनी किती मायेने विचारलं होतं, की मुली, मॉरल सायन्समध्ये एवढं रडण्यासारखं काय आहे? (तू म्हणालीस, पापी लोकांची दया येते. तुला त्या वर्षी त्या विषयाचं बक्षीस मिळालं.)

तर ती मुलगी डोंगरातल्या एका जुन्या घरात राहायला येते, आणि तिथे तो मुलगा असतो. तो फार पूर्वी मेलेला आहे. दिवे लागायच्या वेळेला तेवढा येतो. बोलत नाही, फक्त तिच्या पुस्तकांची पानं उलटतो. मग व्हायचं तेच होतं, प्रेम बसतं. (हात धरता येत नाही. बोटं गार पडतात.) शेवटी ते घर विकायचं ठरतं, आणि तेव्हा आपल्याला नियम कळतो. मेलेल्या माणसाला आपणहून उंबरा ओलांडता येत नाही. पण कुणी नव्या घराच्या दारात उभं राहून, त्याची आई ज्या नावाने त्याला जेवायला बोलवायची त्या नावाने हाक मारली, तर त्याला येता येतं. ती मुलगी नव्या घराच्या दारात उभी राहते, हाक मारायला तोंड उघडते, आणि पुस्तक संपतं! मी तर पानं चिकटलीत की काय म्हणून नखाने सोडवून पाहिलं.

आता तू म्हणशील, पोरींची पुस्तकं आहेत ती, तुझं काय अडलंय? सांगते. आमची बिल्डिंग पाडायला काढलीय, हे तुला माहीत आहे. सगळे गेले. राहिलेय ती मी एकटी. ज्यांनी घरं सोडली त्यांची दारं-खिडक्या भंगारवाल्याने आधीच काढून नेली, त्यामुळे प्रत्येक मजल्यावर नुसते काळे चौकोन. पलीकडे नॅशनल पार्कची भिंत. संध्याकाळी पार्कातून वारा सुटतो, तो खालच्या घरांतून वर येताना हुबेहूब कुणी जिना चढतंय असा आवाज करतो. एक एक मजला चढत येतो आणि आमच्या दाराशी थांबतो. थांबणारा वारा तू कधी ऐकला आहेस? मग लवंगेचा वास येतो. हे ऑफिसातून येताना तोंडात लवंग धरायचे, आठवतंय ना? आणि खुर्चीचा वेत एकदाच करकरतो. मी त्या बाजूला बघत नाही. बघितलं आणि कुणी नसलं तर, याची भीती वाटते.

सोसायटीचे सेक्रेटरी धवलभाई रोज खालून हाक मारतात, “काकी, चावी द्या ना आता! सगळी बिल्डिंग तुमच्यासाठी उभी आहे, यार.” त्यांचं बरोबर आहे. पण मी चावी का देत नाही हे त्यांना कसं सांगू? दुसरा भाग अजून आलेला नाही, असं?

शेवटी एकदाचा आला. दीप्तीने मागवून दिला, वरचं प्लास्टिक मी माझ्या हाताने फाडलं. आणि वसू, इतकी फसवणूक माझी आयुष्यात झाली नाही. पहिल्याच पानावर त्या मुलीचं कॉलेज सुरू झालेलं! हाक मारली की नाही, तो आला की नाही, एक अक्षर नाही. जुनं घर मध्ये कुठेतरी एका वाक्यात जळून जातं, आपण चहा उतू गेल्याचं सांगतो तसं. मग एक दुसराच मुलगा येतो, जो पौर्णिमेला लांडगा होतो आणि एरवी जिमला जातो. दोघं मोटारसायकलवरून फिरतात. तो बिचारा फिकट मुलगा येतच नाही. आपण वाट बघतोय, बघतोय, आणि शेवटी कळतं की तो भूत नव्हताच, त्या मुलीला ताप होता. ताप! मी क्रोसिन घेऊन हा प्रश्न सोडवायचा का?

पुस्तक फेकायचं नाही हे सिस्टरनी आपल्या हातावर पट्टी मारून शिकवलं आहे, म्हणून मी ते फक्त यांच्या खुर्चीत पालथं टाकलं आणि देवापाशी दिवा लावायला गेले. परत येऊन आवरायला म्हणून उचललं, आणि ते उघडलं आमच्या फ्लॅटच्या नंबराच्या पानावर.

हे तुला माहीत नसेल. स्टेशनजवळच्या लायब्ररीतून माझ्यासाठी पुस्तकं हेच आणायचे, आणि कुठलं आणून झालंय ते विसरायचे. तिथल्या सगळ्याच मेंबरांच्या अशा खुणा असायच्या, कुणाची चांदणी, कुणाचं आद्याक्षर. यांची खूण म्हणजे फ्लॅटच्या नंबराच्या पानावर, खालच्या कोपऱ्यात, पेन्सिलीने काढलेला छोटा मासा. (कोकणातला माणूस, दुसरं काय काढणार?) पुस्तक आवडलं तर मासा सरळ पोहणारा. नाही आवडलं तर उताणा, पोट वर केलेला, म्हणजे मेलेला. ती लायब्ररी कधीच बंद झाली. हे गेले त्याच्या आधीच.

वसू, त्या पानावर मासा होता. उताणा.

ते पान मी आदल्या दिवशी वाचलं होतं. लांडगा प्रोटीन शेक पितो ते पान. तेव्हा कोपरा कोरा होता. मी उभ्या उभ्या यांची चष्म्याची डबी उघडली, तिच्यात तो पेन्सिलीचा तुकडा अजून आहे. हे टोक जिभेला लावून लिहायचे, तुझी आई ओरडायची त्यावरून. मी टोकाला बोट लावलं. ओलं होतं.

भीती वाटली का? पाय असे गार पडले की मोजे शोधावे लागले. पण मोजे घालता घालता मला हसू आलं. इतक्या वर्षांच्या संसारात एखाद्या पुस्तकाविषयी आमचं एकमत झालं ते हे! मी खुर्चीकडे न बघता म्हटलं, “बघा ना, ताप म्हणे!” वेत करकरला.

पण तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही. आधी निदान शंका होती. आता हे इथे आहेत, आणि मला जायचंय. मी चावी दिली, बिल्डिंग पाडली, आणि यांना उंबरा ओलांडता आला नाही, तर? त्या काळ्या चौकोनांत एकटेच राहतील. आणि मग चौकोनही राहणार नाहीत. ज्या एका गोष्टीसाठी मी दुसऱ्या भागाची वाट बघितली, तीच त्या लेखिकेने गाळली.

मग मीच करून पाहिलं. सुबोध नावाचा एजंट आहे, त्याने मला भाड्याची जागा दाखवली, दोन गल्ल्या सोडून. मी दारात उभी राहिले, तोंड उघडलं आणि त्या पुस्तकातल्या मुलीसारखीच अडकले. मी यांचं नाव आजवर तोंडाने घेतलेलं नाही. उखाण्यातसुद्धा लाजून मधलं अक्षर गिळायचे. एवढी इंग्रजी शाळा शिकले, पण जिभेला ते वळणच नाही. शेवटी धीर करून हाक मारली, “अहो!” समोरच्या घरातून बनियनमधले एक गृहस्थ “काय गं?” म्हणत बाहेर आले, वरच्या मजल्यावरून कुणीतरी “आलो, आलो!” म्हणालं, आणि सुबोध म्हणाला, “बोला ना काकी.” ज्यांना बोलावलं ते सोडून सगळे आले.

असो. पत्र फार लांबलं. मुलांना आशीर्वाद. थंडीत दही खाऊ नकोस.

तुझीच,
मधू

ता. क. नाशिकचा चिवडा मिळाला तर पाठव, कमी तिखट.

ता. क. पाठवू नकोस, घेऊन ये. वन्सं (लग्नानंतर पहिल्यांदाच तुला अशी हाक मारतेय, यावरून काय ते ओळख), यांना त्या नावाने जेवायला बोलावणारं आता जगात तुझ्याशिवाय कुणी उरलं नाही. तुम्ही दोघं अंगणात खेळत असताना सासूबाई मारायच्या, तीच हाक. तू नव्या घराच्या दारात उभी राहायचं आणि जेवायला बोलवायचं. मी इथे खुर्चीपाशी थांबते. खुर्ची गप्प झाली की चावी धवलभाईंना देते आणि येते. पानं तीन मांडू. काही झालं नाही तर आपण दोघी जेवू आणि लेखिकेला शिव्या देऊ. पण ये.

ता. क. पाकीट आणायला आत गेले होते. परत आले तर या पानाच्या खालच्या कोपऱ्यात बघ. मी काढलेला नाही. सरळ आहे. तिकीट काढ.