अखाजीचे मांडे

मुंबई, १२ एप्रिल १९९६

माय,
तुझ्या पायांवर पितांबरचं डोकं.

मी बरा आहे, हातपाय पुन्हा हलू लागलेत. तुझे गुडघे कसे आहेत?

हे दुखणं बाहेरचं नाही, माय. स्नायूंमधल्या कॅल्शियमच्या वाटा घडवणारं जनुक माझ्यात बिघडलेलं आहे. ते आबांकडून आलं, असं डॉक्टर म्हणतात. गोडाधोडाचं भरपेट जेवलं की सकाळी अंग लुळं पडतं.

धाकट्या वाल्मीकलाही ते असू शकेल. अखाजीच्या सणाला त्याला आग्रह करून पुरणाचे मांडे वाढू नकोस. तो उठला नाही, तर गुळाचं पाणी पाजू नकोस, त्यानं दुखणं वाढतं. लगेच यावलला दवाखान्यात ने.

आबा गेले ती सकाळ मनात आणू नकोस. तू त्यांना ते पाणी पाजत होतीस, तेव्हा वाटी मीच धरली होती.

तुझाच,
पितांबर