फळ्यावरचं उत्तर

प्रिय ताईस,
तुझ्या शेंडेफळाचा नमस्कार. मी ठणठणीत आहे, खोलीही उबदार आहे. तुझे गुडघे कसे आहेत? बाबा गोळ्या वेळेवर घेतात ना?

बाबांना सांग, शाळेतच नोकरी आहे. झाडलोटीची आहे, हे मात्र वाचून दाखवताना गाळ. अकरा वर्षं गणित शिकवलं, त्याला इथं कुणी हिंग लावून विचारत नाही. माझ्यासोबत फरशी पुसणारी तिच्या देशात डॉक्टर होती. आमची मुकादम दहावी नापास आहे, पण इथलीच.

सोमवारी शाळा सुटल्यावर सातवीच्या फळ्यावर एक गणित चुकलेलं दिसलं. हात शिवशिवले गं. मी खाली बरोबर उत्तर लिहून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी गणिताच्या बाईंनी भर वर्गात बोलावून विचारलं, "हे तुम्ही लिहिलंत?"

मी ताठ मानेनं हो म्हटलं.

"तुमचं काम फळा पुसायचं. पुसा."

मी पुसला. त्यांनी आपलं चुकीचं उत्तर पुन्हा लिहिलं.

एक मुलगी उठून म्हणाली, "बाई, पुसलेलंच बरोबर होतं."

"मग ती फरशी का पुसते?" बाई म्हणाल्या. सगळा वर्ग हसला. मुलगी खाली बसली आणि तिनं वहीतलं बरोबर उत्तर खोडून टाकलं.

घंटा झाल्यावर तिच्या बाकाखालचे खोडरबराचे कण मीच झाडले.

तुझ्या लेकीनं पुढं गणित घेऊ का, असं विचारलंय. घे म्हणायला हवं, ताई, पण आज हात चालत नाही.

बाबांच्या पाया पडते.

तुझीच,
धाकटी