टीव्ही हॉलमधीच लावायचा

अहो,
टँकर आलाय, मी हंडे घेऊन खाली चाललेय. फोनवर बोललं की सत्यमला आतून ऐकू जातं, म्हणून लिहून ठेवतेय.

वाळूजहून ड्युटी करून आलात की दुकानात जाताल, तर पोराच्या खोलीत मावंल असला बारका टीव्ही आणू नका. लई मोठा आणा, हॉलच्या भिंतीला लावायचा. पिक्चर कसाबी दिसू द्या, पण गेममधी बटण दाबलं की लगेच हाललं पाहिजे. तिथंच चालवून बघा. अडकत असला तर हा चिडून परत आत जाईल.

त्या भिंतीपाशी पाण्याची पिंपं हायेत, ती त्याच्या खोलीत सरकवा. मंग पाणी घ्यायला म्हणून तरी आपल्याला आत जाता येईल.

कंपनीतून काढल्यापासून त्यानं तोंड उघडलं नाय. रात्रीचं ताट आजबी दाराबाहेर तसंच व्हतं. मला लई भ्या वाटतंय हो.

कामधंद्याचं काही काढू नका. गेमचे रिमोट दोन आणा, एक तुम्हाला. खेळता येत नसलं तरी त्याच्याजवळ बसा. कितीबी हरलात तरी उठू नका.

रत्नमाला